घराच्या छताला लाकूड लावण्यापूर्वी: पुण्यातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बघायला आलेला पाहुणा आधी फरशी बघतो, मग ओटा, मग बाल्कनीतून दिसणारी टेकडी. छताकडे त्याचं लक्ष जात नाही. त्या घरात राहणारा माणूस मात्र रोज रात्री पाठ टेकली की छतच बघत असतो. म्हणून छतावर विचार करून खर्च करणाऱ्यांबद्दल मला आपुलकी वाटते. पुण्यात घरांच्या सजावटीचं काम करताना लाकडी छताबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे, तिथे ते तसंच लिहिलं आहे.

लाकडी छत म्हणजे अख्खं लाकूडच असतं का?

बहुतेक वेळा नसतं. ‘वुडन सीलिंग’ या एकाच नावाखाली बाजारात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी मिळतात: भरीव सागाच्या किंवा पाइनच्या फळ्या, प्लायवर चिकटवलेला व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), प्लायवर सनमायका, एचडीएचएमआर किंवा एमडीएफचे (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेले) पॅनल, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण) आणि पीव्हीसीच्या पट्ट्या, आणि हल्ली सगळीकडे दिसणारे खाचाखाचांचे ‘चारकोल’ लूव्हर. नाव चारकोल असलं तरी हे लूव्हर मुख्यत्वे पॉलिस्टायरीनचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच असतात. फोटोत यातला फरक कळत नाही. हाताला, नाकाला आणि पाच वर्षांनी डोळ्यांना मात्र कळतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ‘हे कशाचं बनलंय’ हाच विचारा आणि उत्तर कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पुण्यात ही फॅशन नवीन आहे का?

छताला लाकूड ही पुण्याची जुनीच ओळख आहे. पेशवाईतल्या वाड्यांमध्ये जाड तुळया, त्यांवर कड्या (लहान आडवी लाकडं) आणि कड्यांवर फळ्यांची तख्तपोशी असे. वरच्या मजल्याची जमीन तीच आणि खालच्या खोलीचं छतही तेच. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा १८०७च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावांनी बांधून घेतला. तिथे गेलात तर सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब आणि केळफुलांची नक्षी सगळेच बघतात. तुम्ही मान वर करून छत बघा. कडी आणि फळी यांचं प्रमाण, दोन कड्यांमधलं अंतर, त्यात अडकणारी सावली हे सगळं तिथे फुकट शिकायला मिळतं. घरमालकांना नमुने दाखवण्याआधी मी तिकडे एक चक्कर मारायला सांगतो.

एक मोठा फरक लक्षात ठेवा. वाड्यातलं लाकूड भार पेलायचं आणि उघडं असायचं. त्याला वारा लागायचा, बिघाड झाला की दिसायचा. फ्लॅटमधलं लाकडी पॅनल नुसतं टांगलेलं असतं आणि त्याच्या मागे एक अंधारी पोकळी असते. पुढची बरीच उत्तरं या पोकळीबद्दलच आहेत.

आमच्या हॉलची उंची साडेनऊ फूट आहे. खोली बुटकी नाही का वाटणार?

किती खाली येता यावर ते ठरतं. जिप्समचं नेहमीचं फॉल्स सीलिंग कोव्ह लाइटसकट (कडेच्या खाचेत दडवलेल्या दिव्यांसकट) सहा ते आठ इंच खातं. त्याखाली पुन्हा लाकूड लावलं की उंची पावणेनऊ फुटांवर येते आणि खोली खरंच दबते. राहत्या खोलीची किमान उंची नियमाप्रमाणे २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट धरतात, ती उगाच नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: जिथे लाकूड हवं तिथे खाली जिप्सम घ्यायचंच नाही. स्लॅबला थेट दीड-दोन इंची फ्रेम मारायची आणि तिच्यावर पॅनल बसवायचं. एकूण अडीच इंचांत काम होतं. लाइट बसवायला मागे जास्त जागा हवी असेल तर ती फक्त कडेच्या पट्ट्यात घ्यावी.

पूर्ण छताला लावावं की थोड्या भागात?

थोड्या भागात. दोन-अडीच बीएचकेत मी एका खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापलीकडे सहसा जात नाही. डायनिंग टेबलाच्या वर, पलंगाच्या वर, दारातून आत येतानाच्या पॅसेजमध्ये, किंवा आजी-आजोबा दुपारी जिथे आरामखुर्चीत पडतात त्या कोपऱ्यावर. माणूस जिथे स्थिर बसतो किंवा आडवा होतो, तिथे वरचं लाकूड त्याला दिसतं. बाकी छत पांढरं राहिलं की उजेडही टिकतो आणि पैसेही वाचतात.

अपवाद लहान खोलीचा. दहा बाय दहाच्या अभ्यासिकेत अर्धवट पट्टा तुटक दिसतो. तिथे पूर्ण छत फिक्या रंगाच्या लाकडात करा.

पुण्याच्या हवेत लाकूड टिकेल का?

टिकेल, पण ते हलणार हे धरून चाला. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओले राहतात. लाकूड हवेतला हा दमटपणा घेतं आणि सोडतं. उन्हाळ्यात त्यातला ओलावा आठेक टक्क्यांवर असेल, तर भर पावसाळ्यात तो तेरा-चौदापर्यंत जाऊ शकतो. या फरकाने फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगते. चार इंची सागाची फळी साधारण एक मिलिमीटर हलते. एक मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण दहा फुटी छतात अशा तीस फळ्या शेजारी-शेजारी बसतात. सगळ्या मिळून इंचभर जागा मागतात. ती दिली नाही तर फळ्या एकमेकींना रेटून मधूनच खाली फुगतात.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही करायचे. एक, फळ्या ‘टंग अँड ग्रूव्ह’ पद्धतीने, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत अशा बसवायच्या आणि त्यांना आपसात फेव्हिकॉल लावायचा नाही. दोन, भिंतीलगत चारही बाजूंनी दहा-बारा मिलिमीटरची फट ठेवायची. ती शॅडो गॅप म्हणून सुंदर दिसते किंवा मोल्डिंगखाली झाकता येते. तीन, माल आला की लगेच ठोकायचा नाही. ज्या खोलीत लावायचा तिथेच आठ-दहा दिवस पट्ट्यांवर मोकळा रचून ठेवायचा. मिस्त्रींना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण त्यांना पुढचं काम गाठायचं असतं. तुम्ही ठाम राहा. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं. फळीचा आकडा दहा-बाराच्या आसपास आला की बसवायला हरकत नाही.

प्लाय, व्हिनियर आणि एचडीएचएमआर यांना हा त्रास फार कमी होतो, कारण प्लायमध्ये थर आडवे-उभे असतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो. काय बघावं?

पाणी. आधी पाणी, नंतर पाणी.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक जागा आजही आठवली की वाईट वाटतं. कोथरूडमधला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, निवृत्त जोडपं, आयुष्यभराच्या हौसेने केलेलं व्हिनियरचं छत. काम मे महिन्यात झालं, स्लॅब ठणठणीत कोरडा होता. जुलैच्या शेवटी काकूंचा फोन आला की कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग दिसतोय. पॅनल काढलं तर मागची फ्रेम काळी पडलेली आणि प्लाय हाताने सोलता येईल इतका सुटलेला. गच्चीवरच्या कोब्याला पॅरापेटजवळ बारीक तडा होता. साधा रंग असता तर पहिल्याच सरीला ओल दिसली असती. आम्ही लावलेल्या सुंदर आवरणाने ती दीड महिना लपवून ठेवली. गच्ची तपासायला मीच सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी हे विचारल्याशिवाय काम घेत नाही.

तुम्ही असं करा. शक्य असेल तर घराचा एक पूर्ण पावसाळा बघा आणि मगच छताला हात घाला. थांबणं शक्य नसेल तर सोसायटीच्या परवानगीने गच्चीच्या तेवढ्या भागात बांध घालून एक-दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून स्लॅब बघा. मधल्या मजल्यावर असाल तर वरच्या फ्लॅटची न्हाणी आणि टॉयलेट कुठे येतात ते शोधा. तुमच्या हॉलच्या वर ते नसतातच असं समजू नका; वरच्यांनी फेरफार केलेले असू शकतात. स्लॅबवर पांढरी बुरशीसारखी भुकटी, रंगाला पोपडे किंवा गंजाची तांबूस रेघ दिसली तर लाकडाचा विचार बाजूला ठेवून आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या.

आणि सगळं कोरडं असलं तरी पॅनलमध्ये एक-दोन झाकणं अशी ठेवा की स्क्रू काढून आत बघता येईल. दीड फूट बाय दीड फूट पुरतं. सांध्याच्या रेषेत बसवलं की ते दिसतही नाही.

मग कोणतं मटेरियल घ्यावं?

राहत्या खोल्यांसाठी माझी पहिली पसंती चांगल्या प्लायवर खऱ्या लाकडाचा व्हिनियर. दिसतं लाकूड, कारण वरचा थर लाकूडच असतो. वागतं प्लायसारखं स्थिर. प्लाय घेताना आयएसआय खूण आणि तिच्याजवळचा आकडा वाचा. ‘आयएस ३०३’ हा घरगुती वापराचा सर्वसाधारण प्लाय, ‘आयएस ७१०’ म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा. छत कोरड्या खोलीत असेल तर मरीनची गरज नसते. वरच्या मजल्यावर मात्र मी तोच वापरतो.

व्हिनियर निवडताना छोटा तुकडा बघून हो म्हणू नका. गोदामात जाऊन पूर्ण शीट उभी करून बघा आणि एकाच लॉटच्या सलग नंबरच्या शीट घ्या. दोन लॉट मिसळले की छतावर पॉलिशनंतर ठिगळ दिसतं, आणि ते दुरुस्त होत नाही.

बजेट कमी असेल तर लाकडी छापाचा सनमायका लावलेला प्लाय प्रामाणिक पर्याय आहे. एमडीएफ छताला मी टाळतो. एकदा ओल लागली की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. एचडीएचएमआर त्यापेक्षा खूप बरा, पण जड. बाथरूम आणि उघडी बाल्कनी इथे डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसीच वापरा, तिथे खऱ्या लाकडाचा हट्ट नको. चारकोल लूव्हर भिंतीवर ठीक. छताला लावायचेच असतील तर दिवे आणि देवघर यांपासून लांब ठेवा.

साग वापरायची फार इच्छा आहे. कुठून आणि कसा घ्यावा?

भवानी पेठेतलं टिंबर मार्केट अजूनही पुणेकरांचं पहिलं ठिकाण आहे. तिथे देशी साग ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुना मध्य प्रांत) नावाने मिळतो, शिवाय आफ्रिकेतून आणि इतर देशांतून आलेला मिळतो. आपल्या राज्यातला बल्लारपूर-आलापल्लीकडचा साग नावाजलेला आहे. भाव घनफुटावर असतो आणि चिरल्यानंतर, रंधा मारल्यानंतर हातात येणारा माल घेतलेल्यापेक्षा बराच कमी भरतो. हिशोबात ती घट धरा.

फळीच्या कडेला पिवळट-पांढरा पट्टा दिसला तर तो कच्चा भाग आहे. सागाचं तपकिरी गाभ्याचं लाकूड किडीला दाद देत नाही, हा पांढरा भाग मात्र किडीचं आवडतं खाद्य. असा माल छताला नको.

पाडलेल्या वाड्यांतला जुना साग मिळाला तर मला फार आनंद होतो. शंभर-दीडशे वर्षांत त्याचं हलणं-डुलणं होऊन गेलेलं असतं, रंग तर नव्या लाकडाला येतच नाही. फक्त त्यात जुने खिळे असतात, सुताराची पाती तुटतात, म्हणून मजुरी जास्त लागते. आणि त्यावर जुन्या तेलरंगाचे थर असतील तर त्यात शिसं असू शकतं. घासताना मास्क हवा आणि ते काम घरात करायचं नाही, लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

स्लॅबवर भार पडणार नाही ना?

हिशोब करून बघू. आठ बाय चारची १२ मिलिमीटर प्लायची शीट साधारण २३ ते २५ किलोची. दहा बाय बाराच्या पूर्ण खोलीला फ्रेमसकट १५० किलोच्या आत-बाहेर वजन येतं, म्हणजे चौरस मीटरला १३-१४ किलो. घरातला स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून बांधतात. तेव्हा स्लॅबची काळजी नको.

काळजी करायची ती ज्याला हे लटकतं त्याची. स्लॅबमध्ये प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू मारणं भिंतीवरच्या फोटोला ठीक. डोक्यावरच्या वजनाला धातूचे अँकर फास्टनरच हवेत. पॅनल नुसतं सिलिकॉनने किंवा गोंदाने चिकटवून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. नव्या उंच इमारतींपैकी काहींत स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. तिथे ड्रिल भलत्या जागी गेलं तर मोठा धोका आहे. तुमचा स्लॅब तसा आहे का हे बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या इंजिनिअरला विचारूनच छिद्रं पाडा. साध्या स्लॅबमध्येही विजेच्या नळ्या गेलेल्या असतात.

पंखा पॅनलला लावता येतो का?

नाही. पंखा स्लॅबच्या हुकालाच लटकला पाहिजे, पॅनलमध्ये फक्त रॉड जाण्यापुरतं भोक. छत खाली आल्यावर रॉड लांब घ्या: पाती पॅनलपासून निदान आठ-दहा इंच खाली राहिली तरच वारा नीट लागतो, आणि जमिनीपासून सात फुटांच्या खाली ती कधी येऊ नयेत. भोकाची कड आणि रॉड यांच्यात फट असावी, नाहीतर पंख्याची थरथर पूर्ण छतभर वाजते.

आगीची भीती किती खरी आहे?

लाकूड जळतं, यात दुमत नाही. पुण्याला तर हे इतिहासातून माहीत आहे: १८२८च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा आगीत गेला, १८७९मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही झळ बसली. आजच्या फ्लॅटमध्ये धोका असतो तो मुख्यतः पोकळीतल्या विजेच्या जोडण्यांचा.

म्हणून पॅनलच्या मागे एकही वायर उघडी नको. सगळ्या पीव्हीसी नळीत. टेप गुंडाळलेले जोड आत सोडून वर पॅनल मारलं जातं, हे मी स्वतः उघडून पाहिलेलं आहे. जोड फक्त बॉक्समध्ये, आणि बॉक्स झाकणाच्या जवळ. एलईडी पट्टीचे ड्रायव्हर गरम होतात, त्यांना हवा खेळेल अशी जागा द्या. जुने हॅलोजन दिवे लाकडात बसवू नका. पॅनल मारण्याआधी मोबाइलवर पूर्ण वायरिंगचे फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी येणारा इलेक्ट्रिशियन तुमचे आभार मानेल.

जास्त काळजी वाटत असेल तर आग रोखणारा प्लाय मिळतो, त्यावर ‘आयएस ५५०९’ असं लिहिलेलं असतं. तो न जळणारा नसतो, उशिरा पेटणारा असतो. मिळणारी ती मिनिटंच महत्त्वाची.

देवघर आणि स्वयंपाकघराच्या वर चालेल का?

गॅसच्या वर नको. फोडणीची वाफ आणि तेल खाचांमध्ये बसतं आणि वर्षभरात हाताला चिकट लागायला लागतं. स्वयंपाकघरात हवंच असेल तर डायनिंगच्या बाजूला ठेवा, चिमणीपासून चार-पाच फूट लांब.

देवघराचं छत सागाचं असावं असं अनेकांना वाटतं आणि मलाही ते आवडतं. तिथे समईच्या ज्योतीपासून छतापर्यंत भरपूर अंतर हवं. भिंतीतल्या छोट्या कपाटवजा देवघरात वरची फळी दिव्यापासून जेमतेम दीड फुटावर येते, काजळी धरते आणि रोजच्या उष्णतेने वाळत जाते. अशा ठिकाणी वरच्या फळीला ग्रॅनाइट किंवा पितळी पत्रा लावा आणि लाकूड कडेच्या महिरपीत ठेवा.

लाकडी छताने आवाज घुमणं कमी होतं का?

गुळगुळीत पॉलिश केलेल्या सलग पॅनलने विशेष नाही. आवाज त्यावर आपटून परत येतो, फक्त खालच्या सुरांचा थोडा भाग पॅनल आणि पोकळी मिळून शोषतात. खरा फरक पडतो तो पट्ट्यापट्ट्यांच्या छताने: दोन पट्ट्यांमध्ये १५-२० मिलिमीटरची मोकळी फट, मागे काळं फेल्ट आणि त्यामागे दोन इंची रॉकवूल. घरात रियाज चालत असेल, तबला वाजत असेल किंवा हॉलच्या मोठ्या काचांमुळे बोलणं घुमत असेल तर हे करून घ्या. गाणाऱ्यांच्या घरी मात्र पूर्ण छत असं करू नका, खोली अगदी मेल्यासारखी होते. स्वराला थोडी आस राहू द्यावी लागते.

वरच्या मजल्यावरचे खलबत्त्याचे आवाज याने थांबत नाहीत. ते स्लॅबमधून येतात.

पट्ट्या कोणत्या दिशेने बसवाव्यात?

मुख्य खिडकीतून उजेड ज्या दिशेने आत येतो, त्याच दिशेने. आडव्या लावल्या तर प्रत्येक सांध्यावर तिरपी सावली पडते आणि अर्ध्या मिलिमीटरची चूकही उठून दिसते. लांबोळ्या अरुंद पॅसेजमध्ये मात्र मी मुद्दाम आडव्या लावतो, पॅसेज रुंद वाटतो.

पलंगावर तुळईचा आकार आला तर वास्तूच्या दृष्टीने दोष मानतात ना?

बरेच जण मानतात. सजावटीची तुळई पोकळ पेटीची असते, तिच्यात भार काहीच नसतो, हे मी सांगतो. तरीही घरातल्या एकाही माणसाच्या मनात खुट्ट होत असेल तर तुळई पलंगाच्या पायथ्याकडे सरकवतो. झोपायच्या खोलीत मनाला टोचणारी गोष्ट असू नये.

वाळवी लागली तर?

तळमजला आणि जुन्या इमारतींत आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या, कारण वाळवी जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून छतापर्यंत चढते. फ्रेमसाठी स्वस्त जंगली लाकूड वापरतात आणि तिथूनच ती सुरू होते. मी आता फ्रेम जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचीच करतो. लाकडी फ्रेम असेल तर प्रत्येक पट्टीला चारही बाजूंनी आणि दोन्ही टोकांना वाळवीरोधक लावलेलं स्वतः बघा. छताखाली फरशीवर पिठासारखी बारीक भुकटी सापडली तर ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची असते, वाळवीची नाही. तेवढ्या फळीला इंजेक्शनने औषध देता येतं किंवा ती बदलता येते.

पॉलिश कोणतं, आणि पावसाळ्यात करावं का?

छताला हात लागत नाही, पाणी सांडत नाही. म्हणून महागड्या चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची गरज नाही. मॅट मेलामाइन किंवा मॅट पीयू पुरेसं, आणि चमक नसल्याने दिव्यांची प्रतिबिंबंही दिसत नाहीत. फळ्यांच्या मागच्या बाजूला एक हात सीलर हवाच. एकाच बाजूला पॉलिश असलेली फळी दुसऱ्या बाजूने दमटपणा पिते आणि वाकते.

जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिश टाळा. दमट हवेत मेलामाइनवर दुधाळ पांढरट छटा येते आणि मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं. दसऱ्यानंतर ते मार्चपर्यंतचा काळ उत्तम. दिवाळीला गृहप्रवेश म्हणून सप्टेंबरात घाई करणारी घरं मी दरवर्षी बघतो.

नवीन पॅनलचा वास येतो, तो घातक आहे का?

काही वास पॉलिशचा असतो, तो दोन-तीन आठवड्यांत जातो. काही प्लायच्या गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो, तो डोळे चुरचुरवतो आणि रेंगाळतो. फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, ई-० किंवा ई-१ दर्जाचा माल मागा. तान्हं बाळ किंवा दमेकरी घरात असतील तर काम संपल्यावर महिनाभर खिडक्या उघड्या ठेवून मगच त्या खोलीत झोपा.

कोटेशनमध्ये काय तपासावं?

दर चौरस फुटाला आहे की ब्रासला, हे आधी. ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, आणि या गोंधळातून वाद झालेले मी पाहिलेत. फ्रेम, पॉलिश, मोल्डिंग, लाइटची भोकं, पंख्याचा लांब रॉड, परांची आणि राडारोडा उचलणं यातलं काय आत आहे आणि काय ‘एक्स्ट्रा’ ते ओळीओळीने लिहून घ्या. मोजमाप पॅनलचं धरणार की खोलीचं? खाचांच्या पॅनलला कापाकापीची घट किती? प्लायचा ब्रँड आणि आयएस नंबर, व्हिनियरचा कोड, पॉलिशचे हात किती. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा मागचा सीलर आणि अँकर गायब असतात, कारण ते दिसत नाहीत.

भाड्याच्या घरात करता येईल का?

छताला करू नका. लाकडी झाकणाचा उभा दिवा किंवा पलंगामागे टेकवून ठेवायचं पॅनल घ्या, सोबत नेता येईल.

सफाईचं काय?

महिन्यातून एकदा लांब दांड्याचा मऊ कुंचा पट्ट्यांच्या दिशेने फिरवा. कोळिष्टकं सांध्यात आणि शॅडो गॅपमध्ये होतात. त्यासाठी व्हॅक्यूमचा ब्रश चांगला. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं छताला लावायचं नाही, हे कामाला येणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा. फार मळलं तर फडकं घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरड्याने पुसा. दर जूनच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये टॉर्च घेऊन झाकण उघडा, आत हात घालून स्लॅब चाचपा.

आमच्या पेठेतल्या वाड्यात मूळ तख्तपोशी आहे, रंगाखाली दडलेली. काढून नवीन पॅनल लावावं का?

कृपा करून काढू नका. आधी एका कोपऱ्यात वीतभर जागा घासून बघा. बहुतेक ठिकाणी खाली साग निघतो आणि तो आजही नव्या पॅनलपेक्षा सरस असतो. मग जुन्या लाकडाची ओळख असलेला सुतार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांना एकत्र बोलवा. भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं सगळ्यात आधी कुजतात, कारण ओल भिंतीतून येते. तिथे टोचणी मारून लाकूड भुसभुशीत लागतं का ते बघा. टोकं खराब असतील तर तेवढाच भाग कापून नवा सागाचा तुकडा सांधता येतो, पूर्ण तुळई टाकावी लागत नाही. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी हेरिटेज विभागाची परवानगी घ्यावी लागते. आणि फळ्या खाली उतरवाव्या लागल्या तर प्रत्येकीच्या मागे खडूने नंबर आणि दिशा लिहा, म्हणजे ती जिथली तिथेच परत बसेल.